वर्गमित्र स्पोर्ट्स सर्जन झाला, मी तालुक्यातच राहिलो

प्रश्न : मी ४४ वर्षांचा अस्थिरोगतज्ज्ञ असून लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे पंधरा खाटांचे रुग्णालय आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात माझ्याच खोलीत राहणारा वर्गमित्र आज मुंबईत स्पोर्ट्स सर्जन आहे. परीक्षेत तो नेहमी माझ्या मागे असे. एम.एस. पूर्ण होताच माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मी गावी परतलो. तो फेलोशिपला, म्हणजे पुढच्या विशेष प्रशिक्षणाला, गेला. यंदा बॅचच्या स्नेहमेळाव्यात त्याचा सत्कार झाला आणि नामांकित खेळाडूंबरोबरची त्याची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्यात आली. तेव्हापासून आपण आयुष्यभर अपघातातली हाडेच जोडत बसलो, ही भावना मनातून जात नाही. आता त्यानेच सुचवले आहे की महिन्यातील एका रविवारी तो येईल आणि माझ्या रुग्णालयात दुर्बिणीतून गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करील. माझी पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिच्या मते मी होकार द्यावा. माझे मन तयार होत नाही. त्यापेक्षा वर्षभर रुग्णालय बंद ठेवून मीच फेलोशिप करावी का?
– एक डॉक्टर, जिल्हा लातूर

उत्तर :

डॉक्टर, मित्राच्या प्रस्तावाला होकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये. फेलोशिपबद्दल सांगायचे तर, ज्या कारणाने तो विचार तुमच्या मनात आला आहे त्या कारणासाठी ती करू नये.

स्नेहमेळाव्यातील त्या पडद्याविषयी आधी बोलू, कारण बाकी सगळी अस्वस्थता तेथूनच निघाली आहे. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि तीन वर्षांचे एम.एस. इथपर्यंत तुम्हा दोघांचा रस्ता एकच होता. त्यानंतर तुमच्या मित्राने जे केले ते बुद्धीच्या जोरावर जितके केले तितकेच मोकळीक असल्यामुळे केले. फेलोशिपच्या काळात हाती पडणारे मानधन तुटपुंजे असते, मोठ्या शहरात राहण्याचा खर्च मोठा असतो, आणि पुढील काही वर्षे एखाद्या ज्येष्ठ सर्जनच्या शेजारी उभे राहून शेकडो गुडघे आणि खांदे पाहण्यात जातात. ज्या घरात वडील अंथरुणाला खिळलेले आहेत त्या घरातील मुलाला ही वर्षे उपलब्ध नसतात. तुम्ही परतलात, घर सांभाळले आणि जेथे अस्थिरोगतज्ज्ञ मिळणे कठीण तेथे रुग्णालय उभे केले. तो निर्णय योग्य होता, आणि आज कोणाच्या सत्काराने तो चुकीचा ठरत नाही. ‘परीक्षेत तो माझ्या मागे असे’ हे वाक्य मात्र, माझी विनंती आहे, मनातून काढून टाका. एमबीबीएसच्या गुणपत्रिकेला पंचवीस वर्षांनंतर काही अर्थ उरत नाही, आणि ते वाक्य जोवर मनात आहे तोवर मित्राला रुग्णालयाच्या दारात पाहून तुम्हाला आनंद होणार नाही.

शिवाय या शाखेत जागेचे महत्त्व फार असते. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी त्याने टोकियोत भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले. ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याचे अस्थिबंध (लिगामेंट) याच सर्जनने दुरुस्त केले आणि मार्च २०२४ मध्ये पंत पुन्हा मैदानात उतरला. अशा कामासाठी कुशल हात लागतातच. पण त्या हातांभोवती एमआरआय वाचणारे तज्ज्ञ, रोज तासन्‌तास खेळाडूबरोबर घालवणारे फिजिओथेरपिस्ट आणि महिनोन्‌महिन्यांचा खर्च उचलणारी क्रीडा संघटना अशी सगळी व्यवस्था असावी लागते. ही व्यवस्था मुंबईत आहे, म्हणून स्पोर्ट्स सर्जन मुंबईत घडतात. तुमचा मित्र तुमच्या तालुक्यात राहिला असता तर त्यानेही आज ट्रॅक्टरखाली चिरडलेले पाय आणि मोटारसायकलवरून पडून मोडलेल्या मांड्याच जोडल्या असत्या. आणि ते काम कमी प्रतीचे आहे असे मी तरी मानणार नाही.

छायाचित्रांत जे येत नाही तेही तुम्ही डॉक्टर या नात्याने आठवावे. एसीएल, म्हणजे गुडघ्यातील पुढचा क्रॉस लिगामेंट, नव्याने बसवल्यानंतर स्पर्धात्मक पातळीवर परतणाऱ्यांचे प्रमाण अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे ५५ टक्के भरते. पंचविशीच्या आतले जे खेळाडू परततात, त्यांच्यापैकी साधारण चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा तशीच दुखापत होते. म्हणजे तुमच्या मित्राच्या खोलीत हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्र काढणारे जितके येत असतील, जवळजवळ तितकेच कारकीर्द संपल्याचे ऐकायला येत असणार. ती छायाचित्रे कोणी काढत नाही, स्नेहमेळाव्यात दाखवत तर नाहीच. त्याने महिन्यातला एक रविवार तुमच्या गावासाठी देऊ केला आहे, यामागे या अनुभवाचाही काही भाग असेल. मित्र मोठेपणा मिरवायला येत आहे असे गृहीत धरण्याआधी ही शक्यता विचारात घ्या.

या निकालांमागचे कारण तुम्हाला ठाऊक आहे, परंतु तुमच्या निर्णयाचा सगळा भार त्यावरच असल्यामुळे मी ते येथे मांडतो. शस्त्रक्रिया तास-दीड तासाची असते. मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा घेऊन नवा लिगामेंट बसवला जातो. पहिल्या काही आठवड्यांत हे कलम बळकट होण्याऐवजी आधी कमकुवत होते, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि महिन्यामहिन्याने ते मूळ लिगामेंटसारखे होत जाते. खेळाडूला मात्र तिसऱ्या महिन्यातच गुडघा बरा झाल्यासारखा वाटतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण कितीतरी जास्त आढळते, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलेली नसताना उतरणाऱ्यांमध्येही तसेच. या शाखेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले उदाहरण याचीच साक्ष देते. अमेरिकेत १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या कोपरात नवा लिगामेंट बसवला, तेव्हा त्यांनी स्वतःच यशाची शक्यता शंभरात एक सांगितली होती. जॉनने १९७५ चा संपूर्ण हंगाम बाहेर काढला, १९७६ मध्ये तो परतला आणि कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ विजय त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. शस्त्रक्रियेला त्याचे नाव मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या दीड वर्षात तो रोज हात हलवत राहिला, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

मराठवाड्यात शस्त्रक्रियेनंतरचा नेमका हाच काळ सांभाळणारे सहज मिळत नाहीत.

आपल्या भागातील खेळाडू कमी आहेत असे नव्हे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुलचे सुवर्ण मिळवले. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. ही वर आलेली नावे. त्यांच्याखाली प्रत्येक तालुक्यात कबड्डीचे संघ, तालमी आणि शाळेच्या मैदानावर पहाटे धावणारी मुले-मुली आहेत. यांच्यापैकी एखाद्याचा गुडघा जातो तेव्हा काय होते, हे तुम्ही तुमच्या ओपीडीत पाहत असणार. चढाई करताना पाय पकडला जातो, धड फिरते, आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा सुजून टम्म होतो. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, त्यामुळे घरचे निश्चिंत होतात. कोणी हाडवैद्याकडे मालीश करून आणतो, कोणी पट्टा बांधतो. तीन आठवड्यांनी सूज उतरते, मुलगा चालू लागतो, धावूही लागतो, आणि पुढच्या सामन्यात वळताना गुडघा सटकतो. असे दोन-चारदा झाले की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. अशा अवस्थेत तो तुमच्या मित्राकडे पोहोचतो तेव्हा मुंबईतील उत्तमातला उत्तम सर्जनसुद्धा फाटलेल्या गादीचे जे शिल्लक असेल तेवढेच वाचवू शकतो. पहिल्या आठवड्यात कोणी त्या मुलाला उताणे झोपवून गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून लॅकमन तपासणी केली असती, तर एमआरआयच्याही आधी निदान झाले असते. ही तपासणी करणारे हात तालुक्यात तुमचे आहेत. मला हे तुमच्या मित्राच्या कौशल्याइतकेच मोलाचे वाटते, आणि हे मी तुमचे समाधान करण्यासाठी लिहीत नाही.

मुलींबाबत तर अधिक जागरूक राहावे लागेल. उडी घेऊन उतरताना गुडघा आत वळण्याची ठेवण आणि इतर कारणांमुळे एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते. आणि आपल्याकडे मुलीचा गुडघा दुखावला की बहुतेक घरांत उपचारांऐवजी तिचा खेळच थांबवला जातो. फिफाने तयार करवून घेतलेला ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम नियमित केला तर दुखापती तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी होतात, हे चाचण्यांतून दिसले आहे. त्याला साहित्य जवळजवळ लागत नाही. तालुक्यातील क्रीडा शिक्षकांना एका दुपारी बोलावून तो शिकवता येईल.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. पोलीस भरती आणि अग्निवीरच्या तयारीसाठी डांबरी रस्त्यावर पहाटे धावणारी मुले आपल्या भागात जितकी आहेत तितके कबड्डीपटूही नसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की सहा महिन्यांची तयारी सहा आठवड्यांत करण्याचा प्रयत्न होतो आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. पहिले दोन-तीन आठवडे हा तडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. ‘काही नाही, गोळी घे’ असे ऐकून मुलगा धावत राहतो, आणि ऐन मैदानी चाचणीच्या दिवशी लंगडत घरी येतो. शेतीवर भागत नसलेल्या घरात त्या नडगीवर काय काय अवलंबून असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्यामुळे कबड्डीपटूच्या गुडघ्याचेही तसेच आहे. स्पोर्ट्स सर्जनने हात लावावा असे यातील फारच थोडे असते. वेळेवर ओळखणे, विश्रांती देणे आणि हळूहळू पुन्हा धावायला लावणे एवढेच बहुतेकांना लागते, आणि तेच त्यांना आज मिळत नाही.

आता प्रस्तावाकडे येतो. महिन्यातून एकदा सर्जन येणे हे एसीएलच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या गैर नाही, कारण ही तातडीची शस्त्रक्रिया नसते. उलट सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबलेले बरे, नाहीतर नंतर तो आखडतो. म्हणजे मधले आठवडे तुमच्या देखरेखीखाली व्यायामात जातील आणि ते उपयोगी पडतील. गादी अडकून गुडघा सरळच होत नसेल, किंवा गुडघा निखळून रक्तपुरवठ्याची शंका असेल, तर मात्र रविवारची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवावे लागेल. खरी काळजी शस्त्रक्रियेनंतरची आहे. सर्जन रविवारी रात्री मुंबईच्या गाडीत बसला आणि दहाव्या दिवशी रुग्णाला ताप येऊन गुडघा लाल झाला, तर सांधा धुऊन कोण काढणार? हे आधी ठरलेले असावे, कागदावर असावे आणि रुग्णाच्या नातेवाइकांना संमतीपत्राच्या वेळी सांगितलेले असावे. सांधा धुण्याचे काम तुम्ही मित्राकडून शिकून घ्यावे, तसेच लातूरच्या एखाद्या सहकाऱ्याशी बोलून ठेवावे. तुमच्या शस्त्रक्रियागृहात उघड्या जखमांचे आणि पू झालेल्या हाडांचे रुग्ण येतात. त्याच टेबलावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायची तर त्यांचे दिवस वेगळे ठेवणे आणि उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची नीट सोय करणे यात तडजोड नको. ही सोय होत नसेल तर शस्त्रक्रिया लातूरच्या मोठ्या रुग्णालयात होऊ द्या आणि तुमच्याकडे फक्त तपासणी व पुनर्वसन ठेवा. तसे झाले तरी माझा सल्ला बदलणार नाही.

पैशांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरीही सांगतो. रुग्ण पाठवल्याबद्दल टक्केवारी घेणे किंवा देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार निषिद्ध आहे, आणि कट प्रॅक्टिसने आपल्या भागातील कितीतरी मैत्र्या आणि रुग्णांचा विश्वास नासवला आहे. सर्जनचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क आणि रुग्णालयाचा खर्च यांच्या वेगवेगळ्या पावत्या रुग्णाच्या हाती द्या. वर्गमित्रांमध्ये हे बोलणे अवघड वाटते, म्हणूनच ते पहिल्या फोनवर बोलून मोकळे व्हावे.

मात्र ज्या अटीवर तुम्ही अडून बसावे असे मला वाटते ती वेगळीच आहे. कोणत्या रुग्णाची शस्त्रक्रिया व्हावी हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवावे, आणि त्यानंतरचे नऊ महिने रुग्ण तुमचा असावा. त्यासाठी पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट नेमावा लागेल. लातूरला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, तेथून बाहेर पडलेली मुले-मुली पुण्या-मुंबईला जातात कारण त्यांना येथे जागाच मिळत नाहीत. अशा एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला महिनाभर तुमच्या मित्राच्या विभागात पाठवा. रुग्णालयातील एक खोली, काही वजने, आरसा आणि उड्या मोजण्यासाठी जमिनीवर आखलेल्या रेषा, एवढ्याने सुरुवात होते. जो मुलगा आज गावाहून मुंबईला दर महिन्याला जाऊ शकत नाही म्हणून व्यायाम सोडून देतो, तो आठवड्यातून तीनदा एसटीने तुमच्याकडे येऊ शकेल. तुमच्या मित्राकडे सगळे आहे, पण दोनशे कोसांवरच्या गावातील मुलाला नऊ महिने धरून ठेवण्याचे साधन नाही. ते तुम्ही देणार आहात, त्यामुळे तो तुमच्यावर उपकार करायला येतो आहे असे मानण्याचे कारण नाही.

फेलोशिपच्या विचारात मला दोन अडचणी दिसतात. तुम्ही रुग्णालय वर्षभर बंद ठेवले तर महामार्गावरच्या अपघातातील रुग्ण त्या वर्षात कोठे जातील? उघड्या अस्थिभंगात प्रतिजैविक जितके लवकर मिळेल तितके बरे, आणि लातूरपर्यंतचा तास तेथे जड जातो. दुसरे असे की ही विद्या सतत करत राहिली तरच हातात टिकते. एका तालुक्यात महिन्याला मोजक्याच एसीएल शस्त्रक्रिया होतील. त्या दोघा सर्जनांत वाटण्यापेक्षा ज्याचा हात रोज चालतो त्याने केलेल्या बऱ्या, हे रुग्णाच्या बाजूने पाहिले की लगेच पटते. तुम्हाला शिकायचे असेल तर इंडियन आर्थ्रोस्कोपी सोसायटीच्या परिषदा आणि मृतदेहावर सराव करवून घेणाऱ्या कार्यशाळा आहेत, आणि दर महिन्याच्या त्या रविवारी समोर मित्र असेल. वर्षभर त्याच्या शेजारी उभे राहिल्यावरही, कोणाशी बरोबरी करायची नसतानाही, हेच काम आपल्याला हवे असे वाटले, तर तेव्हा ४५ हे वय आड येणार नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिपसुद्धा आहेत. केवळ पडद्यावर आपलेही छायाचित्र असावे म्हणून घेतलेल्या प्रशिक्षणाने मात्र तुमच्या मनाला स्वस्थता लाभणार नाही.

तुमच्या पत्नीने होकार सुचवला, यात मला त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. त्यांनाही या आखणीत बसवून घ्या. खेळणाऱ्या मुलींची पाळी बंद होणे, हिमोग्लोबिन कमी असणे आणि वारंवार हाडाला तडा जाणे यांचा परस्परसंबंध असतो, आणि त्या मुली तुमच्याशी नव्हे तर त्यांच्याशीच बोलतील.

मित्राला फोन करा आणि पहिल्या दोन रविवारी एकही शस्त्रक्रिया ठेवू नका. पहिल्या रविवारी फक्त ओपीडी असावी. तालुक्यातील प्रशिक्षकांना आणि भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्यांना आधी निरोप द्यावा, आणि आलेल्या प्रत्येक गुडघ्याची तपासणी आधी तुम्ही करून निदान लिहावे, मग त्याने करावी. दुसऱ्या रविवारी फिजिओथेरपिस्टसह क्रीडा शिक्षकांची बैठक घ्यावी. या दोन भेटींत किती रुग्णांना खरोखर शस्त्रक्रिया लागते ते कळेल आणि दुर्बिणीचा संच विकत घ्यायचा की मित्राने बरोबर आणायचा हेही ठरवता येईल. कबड्डीच्या निवड चाचण्या सुरू होण्याआधी हे झाले तर उत्तम, कारण त्या दिवसांतही गुडघे दुखावतात.